वाड्याचे १६८ कोटी बिंदू एकाच वेळी उघडायचेत, रॅम किती घ्यावी?

सोनचाफा
नमस्कार. मी वास्तुविशारद आहे आणि जुन्या वाड्यांचं दस्तऐवजीकरण करते. कसब्यातला एक दोन चौकी वाडा येत्या दोन-तीन महिन्यांत पाडणार आहेत. मालकांनी परवानगी दिली, म्हणून लेझर स्कॅनर भाड्याने आणून तीन दिवसांत सगळा वाडा स्कॅन केला. दिंडी दरवाजापासून पोटमाळ्यापर्यंत ४२ स्कॅन झालेत आणि एकेका स्कॅनमध्ये सरासरी चार कोटी बिंदू (लेझरने मोजलेल्या जागा) आहेत. म्हणजे एकूण १६८ कोटी.

माझ्या मशीनला १६ जीबी रॅम आहे. दहा-बारा स्कॅन उघडले की डिस्कचा दिवा पेटलेलाच राहतो, माउस हलत नाही आणि चहा करून आलं तरी चित्र तिथेच असतं. मला सगळे स्कॅन एकत्र, पूर्ण घनतेत उघडायचे आहेत. सॉफ्टवेअर क्लाऊडकंपेअर. बजेट पावणेदोन लाख, फार तर दोन. ६४ पुरेल, १२८ लागेल की जुनं सर्व्हर मशीन घ्यावं? एकदा पाडला की वाडा पुन्हा स्कॅन करता येणार नाही, त्यामुळे निर्णय नीट घ्यायचाय.

हिंजवडी_फेज_३
१२८ घ्या आणि मोकळ्या व्हा. रॅम कधी जास्त होत नसते.

रामबाग
लॅपटॉपचा विचार असेल तर आधीच सांगतो, हल्ली बऱ्याच लॅपटॉपची रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते. आज घेतली तेवढीच जन्मभर. अशा कामाला टॉवरच घ्या.

बिट्टू_द
थांबा, आधी हिशोब करू. क्लाऊडकंपेअर एका बिंदूचे क्ष, य, झ हे तीन आकडे ३२ बिटांत ठेवतं, म्हणजे १२ बाइट. रंगाचे ४. इंटेन्सिटीचं (परतलेला किरण किती तेज होता त्याचं) एक स्केलर फील्ड, म्हणजे बिंदूमागे एक आकडा, धरलं तर आणखी ४. झाले २० बाइट. १६८ कोटी गुणिले २० म्हणजे ३३.६ जीबी, आणि हे नुसतं उघडण्यापुरतं. नॉर्मल्स (बिंदूपाशी पृष्ठभाग कोणत्या दिशेला आहे ते) काढले की आणखी ४ बाइट, ऑक्ट्री (जागेचे आठ-आठ तुकडे करत बिंदू लावायची रचना) बांधली की ८ तरी. ३२ बाइट धरले तर ५४ जीबीच्या आसपास जाईल. वर विंडोज, ब्राउझर आणि काम करताना तयार होणाऱ्या प्रती. तुकडा कापला की नवा क्लाऊड (बिंदूंचा संच) तयार होतो आणि जुनाही मेमरीत बसलेला असतो, हे विसरू नका.

त्यामुळे ६४ काठावर आहे. काठावरची रॅम घेणं सगळ्यात वाईट, कारण पाच टक्के कमी पडली तरी मशीन पेजफाइलवर (रॅम संपली की वापरायची डिस्कवरची जागा) जातं आणि मग कमी पडली ती पाच टक्केच, हे आपल्याला जाणवत नाही.

सोनचाफा, एक प्रयोग करा. आठच स्कॅन उघडा, नॉर्मल्स आणि ऑक्ट्री काढा आणि टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर ‘कमिटेड’ समोरचा आकडा टिपा. उघडण्यापूर्वीचा आकडा त्यातून वजा करा आणि सव्वापाचने (४२ भागिले ८) गुणा. ऐकीव सल्ल्यापेक्षा हा आकडा भरवशाचा.

मंडईजवळ
पेजफाइलवर गेलं की एवढं का मंदावतं? माझी डिस्क तर एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) आहे, सेकंदाला सात जीबी लिहिलंय खोक्यावर.

बिट्टू_द
@मंडईजवळ, तो सात जीबीचा आकडा सलग वाचनाचा. इथे मशीन चार-चार केबीची पानं कुठून कुठून मागत असतं. रॅममधून एक गोष्ट आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, एनव्हीएमईतून ५० ते १०० मायक्रोसेकंद, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून दहा मिलिसेकंदांच्या आसपास. रॅमचं अंतर ओट्यावरचा मिठाचा डबा उचलण्याएवढं, एक सेकंदाचं धरलं, तर एनव्हीएमई म्हणजे पंधरा मिनिटांची मंडईची फेरी. तुमच्या घराजवळच आहे. हार्ड डिस्क म्हणजे आज निघून उद्या दुपारी परत. भाजीत मीठ घालायला दर वेळी मंडईत गेलं तर स्वयंपाक कधी व्हायचा?

मंडईजवळ
समजलं. पुढच्या वेळी मीठ जास्तच आणून ठेवतो :)

पाषाणकर
वेगळं मत मांडतो. सगळं एकाच वेळी मेमरीत हवंच का?

मी हवामानाच्या डेटावर काम करतो. ईआरए५ या जगभरच्या हवामानाच्या डेटासंचात पाव अंशाच्या जाळीवर जगभरात ७२१ गुणिले १४४० बिंदू आहेत आणि दर तासाला एक नोंद. एकाच चलाचं (उदा. तापमानाचं) एका वर्षाचं ४ बाइटने गणित केलं तर ३६ जीबी होतात, आणि डेटा १९४० पासूनचा आहे. एवढी रॅम कोण आणणार? आम्ही तुकडे करून वाचतो. फाइल डिस्कवर कोणत्या क्रमाने मांडली आहे आणि आपण ती कोणत्या क्रमाने मागतोय, हे जुळलं की साध्या मशीनवरही काम होतं. फाइल तासांच्या क्रमाने असेल आणि मला फक्त पुण्याची वर्षभराची नोंद हवी असेल, तर प्रत्येक तासाचं सगळं जग चाळावं लागतं. तीच फाइल एकदा उलट मांडून ठेवली की काम मिनिटांत होतं. मी तीन वर्षं रॅमला दोष देत होतो, अडचण मांडणीत होती.

तुमच्या बाबतीत, १:५० च्या नकाशावर ५ मिलिमीटर म्हणजे कागदावर ०.१ मिलिमीटर, पेनाच्या रेघेहून बारीक. प्रत्येक स्कॅन वेगळा उघडून ५ मिलिमीटरवर विरळ करा (दर ५ मिलिमीटरला एकच बिंदू ठेवा), मग एकत्र करून पुन्हा विरळ करा. सध्याच्या १६ जीबीत बसेल.

सोनचाफा
@बिट्टू_द, प्रयोग केला. आठ स्कॅन उघडल्यावर ६.६ जीबी, नॉर्मल्स आणि ऑक्ट्रीनंतर १०.५. सव्वापाचने गुणलं तर ५५. तुमचा हिशोब तंतोतंत आला!

@पाषाणकर, तुमच्या पद्धतीने रात्रभर एक एक स्कॅन विरळ केला. १६८ कोटींचे २१ कोटी झाले आणि सगळा वाडा पहिल्यांदाच एकत्र उघडला. डोळ्यांत पाणी आलं. आराखडे आणि छेद यांतून नक्की निघतील, मनापासून आभार.

पण दोन कामं यातून होत नाहीत. पहिलं कोरीवकामाचं. बाहेरच्या चौकातल्या सुरूच्या खांबांवर महिरपी आहेत, मधोमध लोंबणारं केळफूल आहे. त्याच्या पाकळीची कड दोन-तीन मिलिमीटरची. विरळ केलं की ते केळफूल कांद्यासारखं दिसतं. दुसरं सफाईचं. वाड्यात अजून दोन बिऱ्हाडं राहतात, स्कॅन चालू असताना माणसं ये-जा करत होती. ११ नंबरच्या स्कॅनमध्ये ओसरीवरून जाणाऱ्या आजी पट्ट्यापट्ट्यांनी उमटल्या आहेत, पदर एकीकडे आणि पाऊल दुसरीकडे. शिवाय खांबाच्या कडेला किरण अर्धा खांबावर आणि अर्धा मागच्या भिंतीवर पडतो, आणि मधल्या हवेत खोटे बिंदू तयार होतात. हे काढायला शेजारचे स्कॅन पूर्ण घनतेत एकमेकांशी ताडून बघावे लागतात. आधी विरळ केलं तर खरे कोणते आणि खोटे कोणते हे कळेनासं होतं.

पाषाणकर
मान्य. सफाईचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. आमच्या जाळीतून आजी जात नाहीत. पण शेजारचे म्हणजे एका वेळी आठ-दहाच स्कॅन ना? चौकवार गट करा. ६४ मध्येही निभेल.

हिंजवडी_फेज_३
गट करा, सीमा जुळवा, पुन्हा एकत्र करा, यात तुमचे आठवडे जातील. वाडा पडायच्या आत एखादी जागा पुन्हा बघायची राहिली असेल तर ती आत्ताच कळायला हवी. माझं मत १२८ च.

शास्त्रीरोड
मी पंधरा वर्षं मशीनं जोडून देतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. इथेच माणसं चुकतात.

साध्या डेस्कटॉप बोर्डावर चार स्लॉट असतात पण चॅनेल (प्रोसेसरकडे जाणाऱ्या वाटा) दोनच. डीडीआर५ (हल्लीच्या पिढीची रॅम) मध्ये चारही स्लॉट भरले की वेग पडतो. रायझन ७००० आणि ९००० या प्रोसेसरांच्या अधिकृत तक्त्यात दोन स्टिकना (रॅमच्या पट्ट्यांना) ५२०० किंवा ५६०० आहे, चार स्टिकना ३६००. म्हणून चार ३२ च्या घेण्यापेक्षा दोन मोठ्या घ्याव्यात. ४८ जीबीची स्टिक मिळते, दोन घेतल्या की ९६. ६४ ची स्टिकही आता येते, पण घेण्याआधी बोर्डाच्या कंपनीच्या यादीत ती आहे का ते बघा आणि बायोस अपडेट करून घ्या. ‘आत्ता दोन घेते, दोन पुढच्या वर्षी’ असं करू नका. वेगळ्या वेळी घेतलेल्या स्टिक एकत्र नांदतीलच असं नाही, त्यासाठी जोडी एकाच पाकिटातली हवी.

दुसरं, सर्व्हरची रॅम स्वस्त मिळाली म्हणून आणू नका. ती रजिस्टर्ड (मध्ये वेगळी बफर चिप असलेली) असते, साध्या बोर्डात चालत नाही. डीडीआर५ ची तर बसतसुद्धा नाही, खाच वेगळ्या जागी आहे.

तिसरं, १२८ च्या पुढे जायचं असेल तर विंडोज होम चालणार नाही. होमची मर्यादाच १२८ जीबी आहे, प्रो घ्यावं लागेल.

चौथं आणि महत्त्वाचं. नवीन डीडीआर५ मशीन पहिल्यांदा चालू केलं की रॅमचं ट्रेनिंग (मशीन रॅमशी वेग जुळवून घेतं ते) चालतं. पडदा काळा, पंखे फिरतायत, काहीच दिसत नाही. मोठ्या स्टिक असतील तर कधीकधी दहा मिनिटंही लागतात. माणसं घाबरून बटण दाबून बंद करतात आणि परत पहिल्यापासून सुरुवात. एका ताईंनी मला रात्री अकराला रडत फोन केला होता की मशीन मेलं. मी म्हटलं, काही करू नका, बसून राहा. आम्ही फोनवर गप्पा मारत होतो तेवढ्यात पडदा उजळला.

आणि भाव. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भयंकर चढले आहेत, एआयच्या सर्व्हरना सगळा माल जातोय. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशिअल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. कोटेशन घ्याल तेव्हा भाव किती दिवस टिकणार ते त्यावर लिहून घ्या.

रामबाग
शास्त्रीरोड, वाखु (वाचनखूण) साठवली. लेखच होईल याचा.

जुनं_ते_सोनं
सर्व्हर मशीनबद्दल माझा अनुभव. भाव चढलेत म्हणूनच मी जुनं झिऑनचं वर्कस्टेशन घेतलं. आठ स्लॉट, चार चॅनेल, डीडीआर४ २४००, ईसीसी (उलटलेला बिट स्वतः दुरुस्त करणारी) रॅम. चार चॅनेलमुळे सेकंदाला ७६.८ जीबीची वाट मिळते, दहा वर्षांपूर्वीच्या मानाने झकास. १२८ जीबी ठेवून रोज वापरतो, एकदाही अडलं नाही. पण एकेका गाभ्याचा वेग आजच्या साध्या प्रोसेसरपुढे निम्माही नाही. बिंदू कापणं, फाइल उघडणं अशी पुष्कळ कामं एकाच गाभ्यावर चालतात, तिथे ते रेंगाळतं. दुसरं म्हणजे त्याचा पॉवर सप्लाय आणि बोर्ड दोन्ही कंपनीच्याच खास घडणीचे. सप्लाय जळला तर तापकीर गल्ली (पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) सगळी पालथी घातली तरी मिळत नाही. दोन प्रोसेसरचं घेऊ नका. अर्धी रॅम एकाच्या ताब्यात आणि अर्धी दुसऱ्याच्या, पलीकडची आणताना वेळ जातो.

हिंजवडी_फेज_३
अवांतर: मॅक स्टुडिओ ५१२ जीबीपर्यंत आला होता ना?

रामबाग
आला होता, पण त्या किमतीत वाड्यातली एक खोली येईल. शिवाय रॅम नंतर वाढवता येत नाही.

निवृत्त_अभियंता
मुलांनो, चर्चा वाचून आनंद झाला. माझं वय अठ्ठ्याहत्तर. आमच्या वेळी मेमरी किलोबाइटमध्ये असे आणि कारखान्याचा पगारपत्रकाचा डेटा टेपवर. मेमरीत मावत नाही अशी यादी क्रमाने लावायची तर मावेल तेवढा तुकडा आणायचा, लावायचा, टेपवर परत लिहायचा. असे सगळे तुकडे झाले की दोन-दोन टेप शेजारी लावून वरचा एक-एक उचलत विलीन करायच्या. रात्रपाळीला मी टेप बदलायला उभा असे. पाषाणकर म्हणतात ती हीच रीत, तेव्हा दुसरा मार्गच नव्हता.

१९९१ साली सी-डॅकचा परम ८००० हा महासंगणक इथे पुण्यात झाला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. मोठं काम अनेक प्रोसेसरांत, प्रत्येकाच्या आपल्या मेमरीसह वाटायचं, हे तिथे डोळ्यांसमोर उभं राहिलं.

पण सोनचाफा, मला रॅमपेक्षा दुसरी काळजी वाटते. या ४२ फाइलींच्या प्रती किती आहेत?

सोनचाफा
काका, एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि माझ्या मशीनवर. दोन्ही घरातच आहेत.

निवृत्त_अभियंता
मग आज संध्याकाळी तिसरी करा आणि ती दुसऱ्या घरी ठेवा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा आम्ही नारायण पेठेत राहत होतो. आम्ही वाचलो, पण वडिलांनी जपलेली दस्तांची पेटी चिखलात गेली. एकच प्रत होती. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळला, आज तिथे जोती उरली आहेत आणि आत काय नि कसं होतं यावर अंदाजच करत बसावं लागतं. तुमच्याकडे या वाड्याचा प्रत्येक खण मिलिमीटरमध्ये आहे. तो जपा, रॅम नंतर आणा.

केशरी_ऊन
काकांना शंभर टक्के अनुमोदन. आणि प्रत केली की चेकसम (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ताडणीचा आकडा) काढून ताडून बघा, नुसत्या फाइलच्या साइझवर जाऊ नका. माझ्यावर बेतलं होतं. एक स्टिक खराब होती, मशीन महिनोन्‌महिने नीट चालत होतं, फक्त अधूनमधून एखादी फाइल बिघडायची. मी ड्रोनच्या फोटोंवरून भूभागाचं मॉडेल करत होते. एका उताराच्या मधोमध एक बिंदू थेट शेकडो किलोमीटर वर! मी तो सॉफ्टवेअरचा घोळ समजून पुसत राहिले. खरं तर आकड्याच्या घातांकातला एक बिट उलटला होता. तो वर गेला म्हणून दिसला तरी. शेवटच्या बिटांतला एखादा उलटला असता तर उंची मिलिमीटरभर बदलली असती आणि कुणाला कळलं नसतं. नंतर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्रभर चालवली, सकाळी पडदा लाल.

त्यामुळे कायमचं जपायचं काम असेल तर ईसीसी घ्या असं मी म्हणेन. डीडीआर५ च्या चिपमध्ये जी अंगची दुरुस्ती असते ती चिपच्या आतल्यापुरती. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर ती काही करत नाही.

शास्त्रीरोड
@केशरी_ऊन, बरोबर. रायझनमध्ये बफर नसलेली ईसीसी स्टिक बऱ्याच बोर्डांवर चालते, पण बोर्डाच्या माहितीत तसं स्पष्ट लिहिलेलं हवं. सध्या ती मिळायलाच वेळ लागतोय. नाही मिळाली तर निदान मेमटेस्टच्या चार फेऱ्या पूर्ण करूनच मशीन कामाला लावा. आणि एक्सएमपी किंवा एक्सपो लावून वेग ताणू नका. एवढ्या कामात चार-पाच टक्क्यांसाठी बिट उलटण्याचा धोका नको.

बिट्टू_द
आणखी दोन गोष्टी. यूपीएस घ्या. ५५ जीबी मेमरीत उघडलेलं असताना वीज गेली तर दिवसभराची सफाई गेली. आणि विंडोजचं हायबरनेट बंद करा, नाहीतर रॅमच्या चाळीस टक्के जागा ते डिस्कवर आधीच अडवून ठेवतं.

सगळा मिळून माझा सल्ला: ९६, दोन स्टिकमध्ये. ५५ अधिक काम करायला मोकळी जागा. १२८ चे जास्तीचे पैसे डिस्कवर घाला.

हिंजवडी_फेज_३
बरं, ९६ ला मी पण तयार. आधी हिशोब करायला हवा होता.

सोनचाफा
(पाच आठवड्यांनी)
उशीर झाला, पण सगळ्यांना सांगायचं होतं. काकांचं ऐकून त्याच संध्याकाळी तिसरी प्रत केली, ती आता कोथरूडला मावशीकडे कपाटात आहे. चेकसम तिन्हीकडे जुळले.

मशीन शास्त्रीरोड यांनी सांगितलं तसंच घेतलं. ४८ च्या दोन स्टिक, ईसीसी मिळाली नाही. मेमटेस्टच्या चार फेऱ्यांना जवळजवळ सगळा दिवस गेला, एकही चूक नाही. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा नऊ मिनिटं काळा पडदा होता. मी घड्याळ लावून हात मांडीवर ठेवून बसले होते.

४२ स्कॅन एकत्र उघडतात. नॉर्मल्स आणि ऑक्ट्रीसह ५६ जीबी. सगळं समोर आल्यावर पहिल्याच दिवशी कळलं की आतल्या चौकातल्या जिन्याखाली एक काळा डाग आहे, तिथे एकही किरण पोचलेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्कॅनर घेऊन गेलो आणि ४३ वा स्कॅन करून आलो. त्या कोपऱ्यात जमिनीत बसवलेलं दगडी उखळ निघालं. @हिंजवडी_फेज_३, तुम्ही हेच म्हणत होता. गट करत बसले असते तर हे पाडकाम सुरू झाल्यावर लक्षात आलं असतं. ते परवा सुरू झालं.

निवृत्त_अभियंता
उखळाची तिसरी प्रत केलीत का?

सोनचाफा
केली, काका. मावशीकडे पोचली :)

आणि ११ नंबरच्या स्कॅनमधल्या आजी. सफाई झालेला वाडा विरळ करून पोट्रीत (ब्राउझरमध्ये बिंदू दाखवणारं सॉफ्टवेअर) घातला, ते ऑक्ट्रीच्या फांद्या लागतील तशा आणतं, त्यामुळे माझ्या जुन्या लॅपटॉपवरही फिरता येतं. तो लॅपटॉप घेऊन आजींच्या नव्या भाड्याच्या घरी गेले. त्यांनी ओसरीवरून माजघरात न्यायला सांगितलं. भिंतीतल्या भंडारीपाशी थांबवलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “हिचं खालचं दार पावसाळ्यात अडायचं. उचलून ओढावं लागायचं.”

मंडईजवळ
पोट्रीत घालायच्या पायऱ्या इथे लिहाल का? आमच्याही वाड्याची नोटीस आली आहे.

सोनचाफा
रविवारी लिहिते. वाडा कुठे आहे ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, स्कॅनर पुढच्या आठवड्यात माझ्याकडेच आहे.